पालखीचा बार

गावाचं नाव कशाला हवंय? सास्तूरपासून दोन कोसांवर आहे, भूकंपानंतर माळावर नव्यानं वसलंय, आणि तिथला वीरभद्र मोठा कडक आहे, एवढं ठाऊक असलं तरी पुष्कळ झालं. जत्रेला चार दिवस उरले होते. घरोघर पुरणाच्या डाळी निवडणं चाललं होतं आणि शांतलिंग बिराजदार आपल्या ओसरीवर पितळी ताट पुढं घेऊन बंदुकीच्या टोप्या निवडत बसला होता.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं, हे हल्ली सांगावं लागतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधी ठासायची. मागं घोड्याखाली बारीक भोकाचं एक टोक असतं, दुकानदार त्याला निपल म्हणतात, त्याच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, टोपीतला मसाला फुटतो, आग भोकातून आत जाते आणि बार होतो. झालं. पण ही टोपी तूरडाळीच्या दाण्याहून जरा मोठी, आणि तिचे नखरे मात्र नव्या नवरीसारखे. ढिली असली तर बंदूक जरा कलली की गळून पडते. आवळ असली तर पुरती खाली बसत नाही, मग घोड्याचा पहिला दणका तिला खाली बसवण्यातच वाया जातो. जुनी झाली, आत हिरवट डाग पडला, की फुटायची तेव्हा फुटत नाही.

शांतलिंग एकेक टोपी चिमटीत धरून उन्हाकडं करायचा, आत बघायचा, ताटाच्या या कडेला ठेवायचा. मग पुन्हा उचलून त्या कडेला ठेवायचा. सकाळपासून हेच चाललं होतं.

उमाबाई चहा घेऊन आली. "आवं, किती निवडताव? डोळं जातील."

"तू गप. ह्या गेल्या सालच्याच डबीतल्या हायेत. ह्येंनीच माझं नाक कापलं."

"टोप्यांवर कशाला राग काढताव? देवाच्या मनात नसंल."

"देवाच्या मनात कशाला नसंल? चार पिढ्या हाय, आन माझ्याच टायमाला न्हाय?"

तिनं कप ठेवला आणि आत गेली. तिचे पाय अनवाणी होते. गेल्या जत्रेपासून तिनं चप्पल सोडली होती. बार होईपर्यंत पायात घालणार नाही म्हणून वीरभद्राला बोलली होती. शेतात, सास्तूरच्या बाजारात, चैत्राच्या डांबरी रस्त्यावर ती तशीच हिंडायची. शांतलिंगला ते बघवत नसे. बघवत नसे म्हणून तो तिच्यावरच खेकसायचा. सहासष्टी गाठली तरी माणसाला एवढं कळू नये, पण नाही कळत, काय करणार.

आता गेल्या सालचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या गावात जत्रेच्या दिवशी पाचच्या सुमाराला वीरभद्राची पालखी नव्या गावातल्या देवळातून जुन्या गावातल्या मूळ देवळाकडं निघते. पालखी खांद्यावर घेतात, पण बार झाल्याशिवाय भोई पाऊल टाकत नाहीत. तो बार काढायचा मान बिराजदारांचा. निजामाच्या काळातली बंदूक, भूकंपात घराखाली गाडली गेली, लाकडी दस्ता चिरला, त्याला पितळी पट्टी मारून पुन्हा उभी केली, पण मान चुकला नाही. गोळी घालायची नाही, नुसती दारू, नळी आभाळाकडं, पोलीस ठाण्याचा कागद दरवर्षी हातात.

गेल्या साली भोयांनी पालखी उचलली, हलगी थांबली, शांतलिंगनं चाप ओढला. खट्. टोपी फुटलीच नाही. त्यानं घोडा पुन्हा चढवला. फट्. टोपी फुटली, पण बार नाही. त्यानं घाईघाईनं दुसरी टोपी बसवली. पुन्हा फट्. आत दारू तशीच, वर आभाळ तसंच, आणि भोई पालखीखाली घामानं निथळत उभे. पुढचा भोई गुंडप्पा तर म्हणाला, काका, खांदा तुटला. शेवटी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि पालखी त्याच्यावर हलली. वीरभद्राची पालखी सुतळी बॉम्बवर! शांतलिंग बंदूक घेऊन तिथंच उभा राहिला. पोरंटोरं वर्षभर त्याला बघून तोंडानं फुस्स करायची. तो पारावर जायचा बंद झाला, सोयाबीन विकायला गेला तर माणसांच्या नजरा चुकवायला लागला.

यंदा देवस्थानचा अध्यक्ष शिवराज, ज्याचं खताचं दुकान आहे, त्यानं बैठकीत सांगून टाकलं. "काका, तुमचा मान आमी नाकारत न्हाय. पण ठाण्याच्या कागदावर एकच बार लिहिलाय. तवा यंदा चाप एकदाच ओढायचा. झाला तर झाला. न्हाय झाला तर आमी भोंगा आणलाय, बटन दाबलं की दोन कोस आवाज. मग फुडल्या सालापास्नं भोंगाच."

एकच चाप. म्हणजे एकच टोपी. चार पिढ्यांचा मान त्या दाण्याएवढ्या तांब्यावर येऊन बसला होता, आणि शांतलिंगचा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून.

चहा निवून गेला. ताटातल्या एकशेसात टोप्यांतली एकही त्याला पटली नाही. त्यानं ताट सरकवलं, पाना-पेचकस घेऊन बंदुकीचं निपल फिरवून काढलं, रुमालात बांधलं, लायसन खिशात घातलं आणि धाराशिवची वाट धरली. दोन एसट्या बदलेपर्यंत त्यानं तो रुमाल चारदा सोडून बघितला. शेजारच्या बाईनं विचारलं, दागिना हाय का? तो म्हणाला, दागिन्याहून जास्त हाय.

काझीसाहेबांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाप-आजाच्या वेळेपासून बिराजदारांचं गिऱ्हाईक. काझीसाहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "आवो बिराजदार. लई दिवसांनी. बैठो."

"बसायला आलो न्हाय. गेल्या साली तुमी दिलेल्या टोप्यांनी माझी इज्जत घालवली."

काझीसाहेब रागावले नाहीत. त्यांनी रुमालातलं निपल घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, भोकातून पलीकडं बघितलं, बोटानं कड चाचपली. मग म्हणाले, "माल तो साफ है. बोला, काय झालं हुतं?"

शांतलिंगनं सगळं सांगितलं. खट्, फट् आणि फट्.

"पहिली बसली न्हवती नीट, ती घोड्यानं बसवली. ते समजलं. पण मग दोनदा टोपी फुटली न्हवं?"

"फुटली."

"मग टोपीनं आपलं काम केलं की. आग आत गेली न्हाय, त्येला टोपी काय करंल बिचारी?"

"म्हंजी? माझी दारू वली व्हती म्हनताव? चाळीस साल झाली मला दारू ठासायला!"

"म्या असं कुठं म्हनलो? गुस्सा कशाला?"

पण गुस्सा आलाच होता. माणसाला वर्षभर एकच गोष्ट धरून ठेवायची सवय लागली की दुसरी कानातून आत जात नाही. काझीसाहेब शहाणपणाचं बोलत होते आणि शांतलिंगच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, टोपी, टोपी, टोपी.

काझीसाहेबांनी मान हलवली आणि कपाटातून दोन डब्या काढल्या. एकीतल्या टोप्या जाड पत्र्याच्या, साध्या गोल. दुसरीतल्या पातळ, आणि कडेला बारीक चुण्या. त्यांनी निपल टेबलावर उभं केलं. जाड टोपी घातली. बसली, पण केसभर वर राहिली. "ही बगा. घोडा पडंल तवा आधी ही खाली जाईल. जोर तितंच संपला." मग चुणीची घातली. ती सरळ तळापर्यंत गेली. त्यांनी निपल उलटं करून झटकलं. टोपी हलली नाही. "टोपी हातानं बसली पायजे, घोड्यानं न्हाय. ही न्या."

"दोन्ही द्या."

"कशाला?"

"मनाला बरं वाटंल."

काझीसाहेबांनी दोन्ही दिल्या. निघताना म्हणाले, "बिराजदार, घरी जाऊन शेतात चार बार काढून बगा. टोपीच हाय का दुसरं काय, तितं समजंल." शांतलिंगनं मान डोलावली आणि एसटीत बसल्यावर पुन्हा डब्या उघडून मोजायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतात गेला. रानडुकरांसाठी लायसन होतंच, तिथं आवाज काढला तर कुणी विचारत नव्हतं. आधी रिकाम्या बंदुकीवर दहा जाड टोप्या फोडल्या. सात पहिल्या दणक्याला फुटल्या, तिघींना दुसरा दणका लागला. मग दहा चुणीच्या. दहाच्या दहा पहिल्याच दणक्याला. शांतलिंगनं स्वतःशीच हुंकार भरला. काझी बेट्याला अक्कल आहे, हे त्यानं मनातल्या मनात कबूल केलं. मग दारू ठासली, चिंधी ठासली, चुणीची टोपी बसवली, लाकडी खुंटीनं हळूच दाबली, चाप ओढला. धडाड! लिंबावरचे कावळे उठले, धूर हरभऱ्याच्या कुटारावरून पसरत गेला. पुन्हा ठासली. पुन्हा धडाड. तिसऱ्यांदाही.

इथं माणसानं घरी जाऊन जेवावं आणि डाराडूर झोपावं. पण याच्या मनात आलं, बघू तर खरं, गेल्या सालच्या टोप्या कशा दगा देतात ते. खिशात त्या जुन्या डबीतल्या पाचेक होत्या. ठासली दारू, बसवली जुनी टोपी. पहिल्यांदा खट् झालं, दुसऱ्या दणक्याला मात्र धडाड. दुसरी जुनी टोपी, पहिल्याच दणक्याला धडाड. तिसरी, धडाड.

शांतलिंग बांधावर बसला. ज्या टोप्यांना त्यानं वर्षभर शिव्या घातल्या त्या एकदा फुटल्या की बार काढत होत्या. हीच बंदूक, हीच दारू, हाच हात. मग देवापुढं काय झालं होतं?

त्या विचारानं त्याला जे धरलं ते सोडेना. भाकरी गोड लागेना. अंथरुणावर पडला तर या कुशीवरून त्या कुशीवर. टोपीचा दोष होता तोवर बरं होतं, टोपी बदलता येत होती. आता दोष कुणाचा? दारू खोटी नाही, बंदूक खोटी नाही, म्हणजे माणूस खोटा. त्यानं आपली पापं आठवायला सुरुवात केली. धाकट्या भावाच्या वाटणीत बांधाची दोन हात जमीन आपल्याकडं ओढली होती, ते एक. जंगमस्वामींना भिक्षा न देता दारातून परत पाठवलं होतं एकदा, ते दुसरं. आणि अव्वा, म्हणजे त्याची आई, गेल्या जत्रेच्या आधी गेली, तिला शेवटच्या आठवड्यात तो जरा तोडून बोलला होता. हे तिसरं सगळ्यांत जड होतं. वीरभद्र शेतात बार होऊ देतो आणि स्वतःपुढं अडवतो, याचा दुसरा अर्थ काय लावायचा? सकाळी उठून तो भावाकडं गेला आणि म्हणाला, तो बांध मोजून घे बाबा. भाऊ घाबरला. त्याला वाटलं दादाला काहीतरी आजार सापडला.

जत्रेच्या दिवशी सकाळी उमाबाईनं बंदुकीच्या पूजेची तयारी केली. दुपारी बंदूक देवळात न्यायची, पाच वाजता बार. घरची पूजा घरच्या बाईनं करायची, ही बिराजदारांची पद्धत. अव्वा होती तोवर तिनं सुनेला बंदुकीला बोट लावू दिलं नाही. गेल्या साली, अव्वा गेल्यावरची पहिली जत्रा, तेव्हा पूजा पहिल्यांदा उमाबाईच्या हातात आली. शांतलिंग त्या वेळी घरी नव्हता, देवळात मांडवाच्या गडबडीत होता. यंदा तो कुठंच गेला नव्हता. पायाला भिंगरी लावल्यासारखा ओसरीवरून आत, आतून ओसरीवर करत होता.

पाटावर घोंगडं, घोंगड्यावर बंदूक. उमाबाईनं विभूतीचा गोळा सहाणेवर पाणी घालून उगाळला. पांढरा घट्ट लेप झाला. तीन बोटं त्यात बुडवून तिनं नळीवर तीन पट्टे ओढले, दस्त्यावर तीन ओढले, पितळी पट्टीला कुंकू लावलं. मग दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून घोडा मागं चढवला.

शांतलिंग थबकला. "घोडा कशाला उचलतीस?"

"खाली लावायचं हाय न्हवं," ती म्हणाली आणि निपलावर लेपाचा गोळा ठेवून अंगठ्यानं दाबला.

"तितं?"

"आवं, आग तितनंच आत जाती न्हवं का? अव्वा नुसतं दस्त्याला लावायच्या. मला गेल्या साली वाटलं, जितनं आग जाती तितंच देवाला बसवावं. चांगलं थापून लावलं व्हतं, पार आत जाईस्तोवर." ती बोलताना हसत होती. "हात कापत व्हता माझा. चाळीस वरसांनी बंदुकीची पूजा मिळाली व्हती."

शांतलिंगच्या डोक्यात एकदम गरम काहीतरी चढलं. सगळं त्याला एका दमात दिसलं. चैत्राचं ऊन, दिवसभर वाळून टणक झालेली विभूती, त्यानं वरवर पटक्याच्या टोकानं पुसली असेल, भोकातली मात्र तशीच. पहिली टोपी त्या पांढऱ्या थरामुळं वर राहिली. मग दोन्ही फुटल्या, पण आग बाहेरच्या बाहेर गेली. काझी सांगत होता ते हेच. आणि जत्रेहून येऊन त्यानं रागारागात सगळं उकळत्या पाण्यात धुवून टाकलं होतं. काय निघालं, काय नाही, बघायला तो भानावर कुठं होता.

ओठावर आलं होतं. अगं भवाने, म्हणून सुरू करून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडणार होता तो. वर्षभर मी तोंड लपवून हिंडलो, पोरांनी फुस्स केलं, भावाला बांध दिला, मेलेल्या आईची माफी मागत रात्री काढल्या, आणि हे सगळं तुझ्या अंगठ्यानं! तोंड उघडलंसुद्धा. उमाबाई पाटापुढं डोळे मिटून हात जोडून बसली होती. ती पुटपुटत होती, "वीरभद्रा, ह्यांची मान खाली घालू नगंस. माझं काय बी घे." तिच्या टाचांच्या भेगा काळ्या पडल्या होत्या, एका भेगेत रक्त सुकलं होतं.

शांतलिंगनं तोंड मिटलं. चाळीस वर्षांत त्याला हे क्वचितच जमलं होतं.

"उमे, देवळात न्यायला नारळ आणलास का?"

"दोन हायेत की."

"पाच लागत्यात. जा, दुकानातनं घेऊन ये."

ती गेली. त्यानं दार लोटलं. मोरीतल्या फडताळात जुन्या स्टोची पिन होती, ती आणली. नळीला तोंड लावून फुंकर मारली, निपलावर बोट ठेवून बघितलं. वारा येत नव्हता. विभूती अजून ओली होती. त्यानं पिन भोकात घातली, पांढरा लगदा बाहेर काढला, पुन्हा घातली, फडक्यानं टिपली, कडेचा थरही पुसला. पुन्हा फुंकर मारली. बोटाला वारा लागला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला आपलाच राग आला. घोडा हळूच खाली सोडला. उमाबाई नारळ घेऊन आली तेव्हा तो ओसरीवर पान लावत बसला होता. हे तिला कधी सांगायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दोष टोपीचाच, काझीच्या टोपीचा. काझी काही वाईट वाटून घेणार नाही.

पाच वाजता देवळापुढं मुंगीला जागा नव्हती. हलगी कडाडत होती, वीरभद्राचे उपासक पुरवंत त्याच्या पराक्रमाची कवनं, म्हणजे खडग, म्हणत होते, दर चार ओळींना साऱ्यांचा गजर उठत होता. एका बाजूला शिवराज माईकपाशी, त्याच्या पायाशी भोंगा आणि त्याचं लाल बटन. शांतलिंगनं सगळ्यांदेखत दारू ओतली, चिंधी ठासली, ठासायचा गज बाजूला ठेवला. टोपी चुणीची, सकाळी दहादा उन्हात बघितलेली, आत स्वच्छ, खमिसाच्या खिशात वेगळी ठेवलेली. भोयांनी पालखी खांद्यावर घेतली. हलगी थांबली.

बंदूकवाल्या घरची बाई म्हणून उमाबाई आरतीचं ताट घेऊन त्याच्या शेजारी उभी होती. त्यानं नळी आभाळाकडं केली, घोडा मागं चढवला आणि खिशातून टोपी काढली. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं.

"आवं," ती हळूच म्हणाली, "हितली विभूती पुसली गेली की." आणि ताटातल्या विभूतीत बोटं बुडवून तिनं हात पुढं केला.

शांतलिंगनं तिचं मनगट धरलं. साऱ्या गावादेखत.

"तितं नगं, उमा."

त्याचा आवाज मऊ होता, आणि तिथंच तो चुकला. खेकसला असता तर ती हात मागं घेऊन गप राहिली असती. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग त्या बारीक भोकाकडं बघितलं. मग स्वतःच्या बोटांवरच्या पांढऱ्या लेपाकडं. तिचा चेहरा कसा उतरत गेला ते त्यानं बघितलं आणि त्याला कळलं, हिला कळलं.

"काका, घ्या की!" शिवराज माईकवरून ओरडला. त्याचं बोट बटनावर होतं.

शांतलिंगनं टोपी बसवली. तळापर्यंत गेली. खुंटीनं दाबली. डोळे मिटले आणि चाप ओढला.

धडाड!

देवळाच्या भिंतीवरून आवाज परतला. धुराचा लोट शिखरापर्यंत गेला, हलग्या एकदम सुटल्या, माणसांनी टोप्या-पटके उडवले, भोयांनी पाऊल टाकलं. पाच पावलं चालून पालखी पहिल्या आरतीला थांबली. लोक शांतलिंगच्या पाया पडायला लागले. कालपर्यंत तोंडानं फुस्स करणारी पोरंही त्यांत होती. त्याला मात्र कुणी दिसत नव्हतं. तो उमाबाईला शोधत होता.

माईकवर शिवराज होता. "झाला एकदाचा! काकांनी यंदा टोप्या पारखून आणल्या म्हणं. हीच पारख गेल्या साली केली असती तर देवाला सुतळी बॉम्बवर जायची येळ आली नसती." माणसं हसली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, जत्रेत माणूस कशालाही हसतो.

उमाबाई त्या हसण्यातून चालत माईकपाशी गेली. शिवराजनं गोंधळून माईक तिच्या हातात दिला. बायकांनी आरतीचं गाणं म्हणायचं असेल, असं वाटलं असावं त्याला.

"गेल्या साली बंदूक अडली ती माझ्यामुळं," ती म्हणाली. आवाज इतका फुटला की माईक शिट्टी वाजवायला लागला. ती थांबली आणि पुन्हा बोलली. "म्या विभूती लावली. भोकात थापली. मला कळलं न्हाय. ह्यांच्या टोप्या चांगल्या व्हत्या, दारू चांगली व्हती. वरीसभर तुमी ह्यांला हसलाव. हसायचं तर मला हसा."

कुणी हसलं नाही. शांतलिंग बंदूक खांद्यावर टाकून तसाच गर्दीतून पुढं आला होता. "उमा, बास. टोपीच खराब व्हती," तो म्हणाला. पण ते माईकशिवाय, आणि त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतोय.

शिवराजनं घसा खाकरला. "काकू, तुमचा भाव चांगला व्हता, कुणी काय म्हनत न्हाय. आता फुडल्या सालापास्नं तुमी बंदुकीला हात लावू नका म्हंजी झालं. पूजा स्वामी करतील."

उमाबाईनं खाली बघितलं आणि मान हलवली. कबूल आहे, असंच ती म्हणत होती.

आणि मग शांतलिंगचा जो आवाज निघाला तो माईकशिवाय जुन्या गावापर्यंत गेला असेल. "कोन म्हनतंय हात लावायचा न्हाय? शिवराज, बंदूक माझ्या घरची, मान माझ्या घरचा, आन घर हिचं हाय. विभूती फुडल्या साली बी हीच लावणार. कुठं लावायची ते आता तिला ठावं हाय. तुला जमत नसंल तर तुजा भोंगा वाजव आन पालखी घेऊन जा!"

कुणीतरी "वीरभद्र महाराज की जय" म्हणून गर्जना केली आणि तिच्यामागं सगळी जत्रा. भोयांनी पालखी पुन्हा उचलली. गुंडप्पानं जाता जाता उमाबाईला वाकून नमस्कार केला. शिवराजही पालखीमागं गेला.

धूर विरत आला तेव्हा देवळापुढं दोघंच उरले. शांतलिंगच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्याला थांबवता येत नव्हतं. उमाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"आवं, बार झाला की. आता कशाला रडताव?"

"मला काय ठावं," तो म्हणाला, आणि रडतच राहिला.